कार्बोरेटरला हात शेवटी लावा
सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्या वालचंद हिराचंदांचं नाव आहे, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर कंपनी उभी केली. त्या कंपनीची पद्मिनी किंवा जुनी मारुती ८०० अजून कुणी जिव्हाळ्याने सांभाळत असेल, तर हे त्यांच्यासाठी. गाडी आयडलिंगला थरथरू लागली, मिसिंग मारू लागली की पहिला हात कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो आवरा. आधी करंट तपासा, मग हवा, मग पेट्रोल. स्क्रू पिळून गाडी तात्पुरती सुधारते आणि खरा दोष झाकला जातो.

इंजिन पुरतं गरम करा, चोक बंद करा आणि सायलेन्सरमागे उभे राहून ऐका. ठोका ठरावीक लयीत चुकत असेल तर एखादा सिलिंडर काम करत नाही. मधूनच, कसाही चुकत असेल तर संशय मिश्रणावर.

सिलिंडर शोधायची रीत अशी. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा. तिच्या टोकाला जादा प्लग लावून तो इंजिनच्या धातूला टेकेल असा बसवा आणि गाडी पुन्हा चालू करा. चालू इंजिनवर वायर हाताने ओढू नका, झटका जबर बसतो. थरथर वाढली तर तो सिलिंडर ठीक आहे. काहीच फरक पडला नाही तर दोष तिथेच. मारुतीत सिलिंडर तीनच, त्यामुळे फरक चटकन कळतो.

त्या सिलिंडरचा प्लग काढून नीट बघा, तो खूप काही सांगतो. बिस्किटासारखा रंग उत्तम. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी पडत नाही. तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले. आता हा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष त्याच्याबरोबर सरकला तर नवा प्लग घाला. नाही सरकला तर चांगली वायर लावून बघा, आणि मग डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, उघडा.

पावसाळ्यात पाचगणी-महाबळेश्वरला रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डेल्कोच्या टोपीत ओल धरते. टोपी कोरड्या फडक्याने पुसा, आतली केसाएवढी चीर शोधा. पेट्रोलचा वास येत नाही याची खात्री करून रात्री अंधारात बॉनेट उघडा. खराब वायरवर निळसर ठिणग्या पळताना दिसतात. पॉइंट असतील तर अंतर साधारण ०.४ ते ०.५ मिमी ठेवा.

ठिणगी चांगली असेल तर चोक किंचित ओढा. इंजिन सुधारलं, तर कुठून तरी जादा हवा ओढली जातेय किंवा जेट तुंबलाय. मॅनिफोल्डच्या सांध्यांवर, रबरी पाइपांवर साबणाचं पाणी उडवा. जिथे आवाज बदलेल तिथे गळती. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. त्याने गाडी पेटते, हे कधीही करू नका. शेजारशेजारचे दोन सिलिंडर ठिणगी असूनही बंद असतील, तर कॉम्प्रेशन तपासून घ्या; हेड गॅस्केट फुटलेलं असू शकतं.

आता कार्बोरेटर. आपल्याच भागातल्या उसापासून बनणारं इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याच जेटमधून मिश्रण हलकं पडतं, आणि कार्बोरेटरला ते ओळखता येत नाही. शिवाय इथेनॉल पाणी धरतं आणि जुने रबरी पाइप खराब करतं. गाडी रस्त्यावर नीट धावते आणि फक्त आयडलिंगला मरते, तेव्हा आयडल जेट काढा. हवेच्या दाबाने साफ करा. तार घातली की भोक मोठं होतं.

ट्यूनिंग महाबळेश्वरला करून घेऊ नका. सांगली साडेपाचशे मीटरवर, महाबळेश्वर तेराशेच्या वर. तिथल्या विरळ हवेत मिश्रण आपोआप जड होतं. वर जुळवलेली गाडी खाली उतरली की पुन्हा थरथरते. रोज जिथे चालवता तिथेच जुळवा, आणि स्क्रू हलवण्याआधी तो किती फेरे उघडा होता ते वहीत लिहून ठेवा.