एक्के हातात असताना

अगं चिमे, काल फोनवर तू नोकरी सोडून पोकरच खेळायचं म्हणालीस तेव्हा मी गप्प बसले, कारण आई शेजारीच होती. ‘जुगार वाईट’ हे कीर्तन मी करणार नाही. मेंढीकोटात तू मला दहाव्या वर्षी हरवलंस, ते अजून विसरलेले नाही.

मागे गोव्याला मांडवी नदीतल्या त्या कॅसिनोच्या जहाजावर मी तुझ्याबरोबर आले होते, आठवतं? शेजारचे काका तुला ‘बेटा, इथे कॉल करायचा नसतो’ म्हणून शिकवत होते. तू मान डोलावत होतीस आणि डाव्या हाताने चिप्सच्या दोन चळती एकीत एक सरकवत होतीस. अर्ध्या तासात काकांच्या चिप्स तुझ्याकडे! बाईला खेळ येत नाही असं समजणारा माणूस टेबलावर असणं ही तुझी कमाईच आहे, त्याचा राग कशाला मानायचा?

त्या रात्रीचा आकडा तुला तोंडपाठ आहे. आधीच्या चार वेळांचं विचारलं तर म्हणालीस, ‘असंच, थोडंफार गेलं.’ ते ‘थोडंफार’ मला डाचतंय.

तुझी लाडकी व्हेनेसा सेल्ब्स्ट घे. येलमधून कायदा शिकलेली, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची तीन ब्रेसलेट्स. २०१७ च्या मुख्य स्पर्धेत प्रवेशाचेच दहा हजार डॉलर. पहिल्याच लेव्हलला तिच्या हातात दोन एक्के. टेबलावर एक्का, सत्ती, पंजी आणि मग आणखी एक सत्ती. फुल हाउस! समोर गाएल बोमान, तिच्या हातात उरलेल्या दोन सत्त्या. सेल्ब्स्ट घरी. त्यात तिची चूक कुठे होती, सांग बघू? त्या वर्षाअखेरीस तिने व्यावसायिक पोकर सोडल्याचं जाहीर केलं; तोवर हेज फंडात नोकरी धरली होती. त्या डावामुळे नव्हे हं, पण तिच्याकडे दुसरी वाट होती.

नॉर्वेची अनेट ओब्रेस्टाड एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, २००७ मध्ये, लंडनला दहा लाख पौंड जिंकली. त्याआधी १८० जणांची एक ऑनलाइन स्पर्धा तिने स्क्रीनवर चिठ्ठी चिकटवून, स्वतःची पानं जवळजवळ न बघता मारली होती! मला ती गोष्ट फार आवडते. पण ती तयार झाली ऑनलाइनवर. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. नशीब कुठलं आणि कसब कुठलं हे त्यातून कळायला वर्षं जातात.

त्यात आपला टॅक्स. समज, एका स्पर्धेत दोन लाख जिंकलीस आणि हरलेल्या स्पर्धांच्या फीत एक लाख ऐंशी हजार गेले. तुझ्या लेखी उरले वीस हजार. सरकार ती फी वजा धरत नाही. पूर्ण दोन लाखांवर तीस टक्के, म्हणजे साठ हजार, वर सेस. जिंकूनही चाळीस हजार खिशातून! काकांना हरवता येतं गं, याला कसं हरवशील?

तर राजीनामा आत्ता नको. एक वही कर: तारीख, किती तास बसलीस, किती आणलं, किती उरलं, गाडीभाडं नि खोलीभाडंसुद्धा. हरलेल्या रात्री आधी लिहायच्या. गणपतीला येशील तेव्हा वही घेऊन ये, माळ्यावर बसून बघू. पत्तेही आण. आईशी मी बोलते.