‘डोळ्याचे जनुक’ : शास्त्रीय गद्यातील एका षष्ठीविषयी

‘डोळ्याचे जनुक’, ‘पायाचे जनुक’ असे प्रयोग वृत्तपत्रांत आणि उत्तरपत्रिकांतही आढळतात. व्याकरणदृष्ट्या त्यांत दोष नाही. तरीही त्यांतील षष्ठी वाचकाची दिशाभूल करते. कशी, ते पाहू.

फळमाशीच्या डोक्यावर शृंगिकांच्या जागी क्वचित पाय उगवतात. पाय नीट घडलेला असतो. चुकलेली असते ती जागा. म्हणजे या विकृतीस कारण ठरणारे जनुक स्वतः पाय घडवीत नाही. ‘हा भाग वक्षाचा आहे’ एवढेच ते पेशींना सांगते. अशा जनुकांना हॉक्स जनुके म्हणतात. एडवर्ड लुईस यांनी १९७८ मध्ये फळमाशीबाबत दाखवून दिले की, वक्ष व उदर यांचे भाग ठरविणारी जनुके गुणसूत्रावर ज्या क्रमाने असतात, त्याच क्रमाने ते भाग शरीरात येतात. (हा नियम सार्वत्रिक मात्र नव्हे, ऑक्टोपसमध्ये ही जनुके विखुरलेली आहेत.)

फळमाशीत हॉक्स जनुके ८, मनुष्यात ३९. तीही चार गुणसूत्रांवरील चार समूहांत. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या पूर्वजांत संपूर्ण जीनोमच दुणावला गेल्याचा हा परिणाम. एक प्रत जुने काम सांभाळते, तेव्हा दुसरीला नवे काम स्वीकारण्यास मोकळीक मिळते. ‘भक्त’ आणि ‘भात’ हे मुळात एकच शब्द. आज त्यांचे अर्थ किती दूर गेले आहेत! अर्थात तेथे एक रूप वारशाने आले व दुसरे संस्कृतातून उसने घेतले; साम्य आहे ते कामाच्या वाटणीपुरते.

आता मूळ प्रश्न. १९९५ मध्ये बाझेल येथे वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत उंदराचे पॅक्स-६ हे जनुक फळमाशीच्या पायांत व पंखांत कार्यान्वित केले गेले. तेथे डोळे उगवले. परंतु ते उंदराचे नव्हते, माशीचेच, नेत्रिकांचे संयुक्त डोळे होते. उंदराच्या जनुकाने दिली ती ‘येथे डोळा घडव’ ही आज्ञा; डोळा कसा असावा, हे माशीच्या इतर जनुकांनी ठरविले. तेव्हा हे जनुक नामापेक्षा आज्ञार्थी क्रियापदाच्या अधिक जवळचे आहे. प्राण्यांतील विविधतेचा मोठा भाग नव्या आज्ञांतून नव्हे, तर जुन्याच आज्ञा कोठे आणि केव्हा दिल्या जातात यातील बदलांतून आला आहे. षष्ठीच्या एका प्रत्ययात हे सारे झाकले जाते. ‘डोळा घडविण्याची आज्ञा देणारे जनुक’ ही रचना लांबट आहे खरी. मी मात्र तीच पत्करीन.

स्वाध्याय : ‘उंचीचे जनुक’ हा प्रयोग वरील विवेचनाच्या आधारे तपासा व पर्यायी वाक्यरचना सुचवा.