सूर आणि भाववृत्ती : ‘गुरुचरित्रा’तील कारंजा-प्रसंगाच्या आधारे

साहित्यकृतीचा सूर आणि तिची भाववृत्ती या संज्ञा अध्यापनात बहुधा समानार्थी वापरल्या जातात. वस्तुतः सूर म्हणजे विषयाकडे व श्रोत्याकडे पाहण्याची निवेदकाची वृत्ती. भाववृत्ती म्हणजे कृतीत साकारणारे व वाचकाला व्यापणारे भावनिक वातावरण. या दोहोंत अंतर पडू शकते, हे सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’तील (अध्याय ११ व १२) कारंजा येथील प्रसंगावरून स्पष्ट होते.

माधव व अंबा यांचा पुत्र नरहरी ॐकाराखेरीज काहीच बोलत नाही. मुंजीत मातेने भिक्षा घालताच त्याच्या मुखातून वेद प्रकटतात आणि लागलीच तो तीर्थाटनासाठी निरोप मागतो. जिची मातेने वर्षानुवर्षे वाट पाहिली, ती वाणी वियोगाची वार्ता घेऊन येते. येथील भाववृत्ती करुण आहे. निवेदक सिद्धमुनी मात्र नामधारकाला ही कथा शांत, आश्वासक सुरात सांगतात. कारण पुत्राचे अवतारित्व त्यांना आधीच ज्ञात आहे.

केवळ सूर ऐकणाऱ्याला मातेचा शोक निव्वळ मायाजन्य भ्रम वाटेल. केवळ भाववृत्ती टिपणाऱ्याला निवेदक निष्ठुर वाटेल. दोन्ही वाचने अपुरी होत. पुत्र मातेला पूर्वजन्माची स्मृती देतो, उपदेश करतो. शिवाय आणखी पुत्र होईपर्यंत घरी राहण्याची तिची विनंतीही मान्य करतो. तत्त्वज्ञानाने शोक पुसून टाकलेला नाही, याची ही विनंती साक्ष होय. म्हणूनच ‘कोण, कोणाला, कसे सांगतो’ आणि ‘काय जाणवते’ हे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे स्वतंत्रपणे ठेवणे अगत्याचे आहे.