शेळीचं पोट उघडण्याआधी

अगं, भ्रूण प्रत्यारोपणाच्या टेबलाशी उभी राहणार आहेस, तर चार गोष्टी कानात घालतो. पुस्तकात त्या आहेतच, पण तिथं सगळ्यांना सारखंच वजन असतं.

शेळी २४ तास उपाशी हवी, शेवटचे १२ तास पाणीही नको. गोठ्यावरचा गडी म्हणाला, ‘ओरडत होती, मूठभर पाला टाकला,’ तर त्या दिवशीचं ऑपरेशन रद्द. उताणी निजवली की भरलेलं पोट फुगून छाती दाबतं, आणि वर आलेला चारा श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया ठरलेला. मानेखाली उशी, तोंड उतरतं, म्हणजे लाळ बाहेर गळते. लिग्नोकेन वजन करूनच भर. किलोला ५ मिलीग्रॅमच्या वर मी जात नाही. ३० किलोच्या शेळीला २ टक्क्यांचं साडेसात मिली झालं की संपलं. एवढं पुरत नाही वाटलं, तर सलाईन घालून दुप्पट कर.

माजानंतर सहाव्या-सातव्या दिवशी भ्रूण गर्भाशयात उतरलेले असतात, तेव्हाच उघडायचं. कासेच्या पुढं मध्यरेषेवर लहान छेद. आत गेल्यावर आधी दोन्ही अंडाशय बघ. पीतपिंड लालबुंद आणि भरलेले हवेत. शेळीत एफएसएचच्या इंजेक्शनांनंतर ते वेळेआधीच विरतात, ही मोठी कटकट आहे. फिकट, बारीक दिसले तर फ्लशिंगची मेहनत बहुधा वाया जाते. दुर्बीण असेल तर हे छेदाआधीच कळतं.

आता खरी गोष्ट. अंडाशय बोटात धरू नकोस. ते लगेच रक्त सोडतं, ते रक्त गर्भनलिकेच्या झालरीवर गोठतं आणि तिथंच सगळं चिकटून बसतं. गर्भाशयाचं शिंग सारखं ओलं ठेव, कोमट सलाईनमध्ये थोडं हेपारिन घालून वरून थेंब थेंब सोड. गॉजनं पुसायचं नाही, टिपायचंही शक्यतो नाही. हातमोज्यांना पावडर असेल तर आधी धुऊन घे. चांगली दाता शेळी दोन-तीनदा उघडता येते, पुढं चिकटलेलं सोडवण्यातच वेळ जातो. म्हणून पहिल्या वेळचा हात हलका हवा, भ्रूण किती मिळाले हे नंतर.

फोली कॅथेटर शिंगाच्या बुडाशी, फुगा हळूहळू फुगवायचा. जास्त फुगला की आतलं अस्तर फाटतं. टोकाकडून बोथट सुई घालून २० मिली कोमट द्रव सोड. शिंग टम्म झालं आणि बाहेर काही येईना, तर पिचकारी रेटू नकोस. कॅथेटरचं तोंड अस्तराला टेकलेलं असतं, किंचित मागं घे, वाहू लागेल.

ग्राही शेळीचा माज दात्याच्या माजाच्या एका दिवसाच्या आतबाहेर हवा. व्यालेलीच घे. आपली उस्मानाबादी बरी, जुळी पोसायची तिला सवय असते. पीतपिंड ज्या बाजूला, तेच शिंग बाहेर काढ, टोकाजवळ रक्तवाहिनी नसलेली जागा बघून भोक पाड आणि दोन भ्रूण सोड. सोडण्याआधी सुईचं टोक आत मोकळं फिरतंय का बघ. अडखळलं तर ते भिंतीत आहे, पोकळीत नाही, आणि तिथं सोडलेला भ्रूण गेलाच. बाकी टाके, अँटिबायोटिक तुला येतंच.

२१ दिवसांच्या आसपास माज येतो का, ते बोकड लावून बघायला सांग. सोनोग्राफी साधारण पस्तिसाव्या दिवशी.