मतलईवर निघावं

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतर शिडाच्या यॉटने मुंबईहून गोव्याला निघायचा बेत ताईकडून कळला. अंतर सुमारे २२५ सागरी मैल. चांगला वारा मिळाला तर दोन-अडीच दिवसांचं काम, आणि तरुण मंडळी फसतात ती इथेच. शीड भरलं की थांबवत नाही. चौल, दाभोळ, विजयदुर्ग डाव्या हाताला मागे पडतात आणि पणजीला पोचल्यावर सांगायला उरतो फक्त वेग.

जाणाऱ्याने आधी वारा ओळखावा. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई सुटते, दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो, परतीला तोच तोंडावर येतो. म्हणून परतीसाठी चार दिवस जास्त धरावेत आणि पहाटे उठायची सवय लावावी. (कुणासाठी हे अवघड आहे, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.)

बंदरात शिरायचं ते मात्र भरती पाहून. बहुतेक जुनी बंदरं खाडीच्या मुखावर आहेत आणि मुखाशी गाळ साचलेला. जुनी गलबतं उथळ तळाची, ती सहज आत जात. यॉटची कील चांगली दीड-दोन मीटर खाली उतरलेली असते. नकाशा हवाच, पण वाळू पावसाळ्यात जागा बदलते. मुखाबाहेर थांबून एखाद्या तांडेलाला विचारण्यात कमीपणा नाही. जाळ्यांचे बोयेही त्यालाच ठाऊक.

रेवदंड्याला कुंडलिकेच्या एका तीरावर पोर्तुगीज तटबंदी, समोर कोर्लईचा डोंगरी किल्ला. रस्त्याने येणाऱ्याला हे दोन वेगळे किल्ले वाटतात. पाण्यावरून पाहिलं की एकाच दाराच्या दोन बाह्या दिसतात. १५०८ मध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज सेनानी लोरेंसो द आल्मेदा इथेच पडला. आता रेवदंड्याच्या तटाआत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. कोर्लई गावात मात्र पोर्तुगीजमधून उपजलेली बोली अजून कानावर पडते. पाणी भरायला उतरणाऱ्याने तिथे तासभर उगाच रेंगाळावं.

मुक्काम वाढवायचाच तर विजयदुर्गाला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या माऱ्यात तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथे जळालं, आणि तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. ही जखम आपल्या पुस्तकांत फार लवकर उरकली जाते. लोक किल्ला पाहून परततात. वाघोटन खाडीत थोडं आत, गिर्ये गावाजवळ, कातळात खोदलेली मराठ्यांची गोदी आहे. तिथे छोट्या होडीने जावं. आरमाराची डागडुजी कुठे होत असे, ते कळतं.

मालवणला सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडकच खडक. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेट निवडलं त्यात या खडकांचाही वाटा. परक्या नावेने बाहेर सुरक्षित पाण्यात नांगर टाकावा आणि स्थानिक होडीने किल्ल्यावर जावं.

थांबणं कमीपणाचं वाटत असेल तर दिलीप दोंदे आठवावेत. २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करताना तेही चार बंदरांत थांबले होते.

रोज संध्याकाळी नांगर कुठे पडला, ते ताईला कळवत जा.

तुझा मामा