सोनोग्राफी झाली. निकाल हाती आला का?



दवाखान्यात सोनोग्राफी होते, बाई खाटेवरून उठते आणि दोघं एस.टी. गाठायच्या घाईत घरी निघतात. "रिपोर्ट नंतर नेऊ," असं ठरतं. मग लावणी येते, पाहुणे येतात, बाजार येतो. कागद तिकडे पडून राहतो, आणि पोटातलं बाळ काही त्या कागदासाठी थांबत नाही.

खरं पाहिलं तर या तपासणीला फार वेळ लागतच नाही. डॉक्टर यंत्र फिरवतात तेव्हाच त्यांना पडद्यावर दिसत असतं : बाळाचे ठोके, बाळ किती आठवड्यांचं, एक की जुळं, वार कुठे आहे, पाणी पुरेसं आहे की नाही. वेळ जातो तो लिहिण्यात, सहीत आणि रांगेत. म्हणून रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो. रक्ताचं तसं नाही. हिमोग्लोबिन लगेच कळतं, पण सिकलसेलची पक्की तपासणी बाहेर पाठवली तर काही दिवस थांबावं लागतं.

तेव्हा दवाखान्यातून पाय काढण्यापूर्वी विचारा : "रिपोर्ट कधी मिळेल? कोणाकडे मिळेल? आणि तो वाचून कोण सांगणार?" हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. कागद हातात येतो, घरी पत्र्याच्या पेटीत जातो आणि बाळंतपणाच्या दिवशीच बाहेर निघतो. त्याचा काय उपयोग? ज्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली, त्यांना तो दाखवायचा असतो.

पाचव्या महिन्यातल्या, म्हणजे १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीला तर अजिबात दिरंगाई नको. बाळाच्या मेंदूत, पाठीच्या कण्यात, हृदयात काही व्यंग आहे का, ते तेव्हा पाहतात. काही व्यंगांवर जन्मानंतर उपचार होतात. मग बाळंतपण मोठ्या दवाखान्यात ठरवता येतं. काही वेळा नवरा-बायकोला अवघड निर्णय घ्यावा लागतो, आणि त्याला कायद्याची मुदत आहे. २०२१ सालच्या बदलानंतर गर्भपातासाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत, कायद्याने ठरवून दिलेल्या कारणांसाठी, दोन डॉक्टरांचं मत लागतं. त्यापुढे, आईचा जीव वाचवण्याचा प्रसंग सोडला तर, बाळात गंभीर व्यंग असेल तरच वैद्यकीय मंडळ परवानगी देतं. एकोणिसाव्या आठवड्यात दिसलेली गोष्ट तुम्हाला चोविसाव्यात कळली, तर मधले पाच आठवडे कोण परत देणार?

"वार खाली आहे" असं लिहिलेलं असेल तर घाबरू नका. गर्भाशय वाढतं तशी ती पुष्कळदा वर सरकते. पण आठव्या महिन्याच्या सुमारास पुन्हा तपासणी हवीच, आणि बाळंतपण घरी करायचं नाही.

पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट मात्र जपून ठेवा. बाळंतपणाची तारीख त्यावरून जास्त बरोबर निघते.

मुलगा की मुलगी, हे कोणत्याच रिपोर्टात नसतं. १९९४ च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे आणि त्यासाठी तपासणी करून मागणं हाही गुन्हाच. त्याची वाट बघत दवाखान्याच्या दारात बसू नका.

आणि एक. रक्त जाऊ लागलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रिपोर्टसाठी खोळंबायचं नाही. रात्र असली तरी १०८ ला फोन लावा. गाडीला पैसे पडत नाहीत.

गावाकडच्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी रोज असतेच असं नाही. कोणत्या वारी आहे, ते आदल्या दिवशी आशाताईंना विचारून मगच मजुरी बुडवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि आधीचे सगळे रिपोर्ट एकाच पिशवीत घ्या, आणि पिशवी नवऱ्याने धरावी.