शोभिवंत माशांचा धंदा : आधी पाणी, मग मासे

सोलापुरात चादर, टॉवेल आणि यंत्रमाग यांवर कित्येक पिढ्या जगल्या. आज मागावर प्रत्येक हाताला काम मिळेल अशी स्थिती नाही. घरच्या घरी, थोड्या भांडवलात कोणता धंदा करावा, असे तरुण विचारतात. काचेच्या टाकीत ठेवावयाचे शोभिवंत मासे वाढवून विकणे हा तसा एक धंदा आहे. परंतु न शिकता उडी घेतली तर भांडवल खरोखरच पाण्यात जाते.

आमच्या नात्यातील एका मुलाने बाहेरगावाहून शंभर मासे मागविले. त्याच दिवशी टाकी आणली, नळाचे पाणी भरले आणि मासे सोडले. आठ दिवसांत निम्म्याहून अधिक मेले. त्याने माल पाठविणाऱ्याला दोष दिला. दोष मालाचा नव्हता, पाण्याचा होता.

हिशेब कापडाहून वेगळा

कापडाचा तागा वर्षभर कपाटात पडून राहिला तरी तो खात नाही आणि मरत नाही. मासा रोज खातो आणि चुकीला माफी देत नाही. समजा, 10 रुपयांप्रमाणे 100 मासे घेतले आणि 25 मेले. उरलेल्या 75 पैकी प्रत्येक मासा 13 रुपये 33 पैशांना पडला. वीज, खाद्य आणि मजुरी वेगळी. म्हणजे 13 रुपयांना विकणारा नफा समजून तोटा करीत असतो. खरेदीत रुपया वाचविण्यापेक्षा मासा वाचविणे अधिक फायद्याचे.

पाण्याची तयारी

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांचे कल्ले जाळते. हे पाणी उघड्या पिंपात भरून, हवेचा पंप लावून किमान 24 तास ठेवावे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून माशांच्या टाकीआधी साठवणीची सोय करावी.

माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया हे विष तयार होते. ते निवळविणारे सूक्ष्म जीव नव्या टाकीत वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थोडेच मासे ठेवावेत. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, सगळे एकदम नको. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवावा.

सुरुवात कोणत्या माशाने?

गप्पी, मॉली, प्लॅटी व स्वोर्डटेल हे अंडी न घालता थेट पिल्ले देणारे मासे आहेत. बोअरचे जड पाणी त्यांना मानवते. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्ले देते. एका वेळी वीस ते पन्नास सहज मिळतात. आई स्वतःची पिल्ले खाते, म्हणून टाकीत पाणवनस्पती दाट ठेवावी किंवा पिल्ले लगेच वेगळी करावीत. त्याच त्या जोड्यांची पैदास वर्षानुवर्षे केली तर मासे कमजोर होतात. अधूनमधून बाहेरचा चांगला नर आणावा.

या माशांना 24 ते 28 अंश तापमान चांगले. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा 40 च्या वर जातो आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. टाक्या पत्र्याच्या छपराखाली मांडू नयेत. वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीचा पंप जवळ असावा.

माल आणि भांडवल

कोलकाता आणि चेन्नईतील कोलतूर ही या धंद्याची मोठी केंद्रे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट व कुर्ला येथे बाजार आहे. सोलापूर मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावर असल्याने दोन्हीकडची वाट मोकळी आहे. आलेली पिशवी फोडण्याआधी 15-20 मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग टाकीचे पाणी तिच्यात थोडे थोडे मिसळावे. नवे मासे दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत. रोग असेल तर तेथेच कळतो.

2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मासे संगोपनासाठी 3 लाख रुपयांचा प्रकल्पखर्च धरला होता. त्यावर सर्वसाधारण गटाला 40 टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान होते. सध्या काय मिळते, याची चौकशी जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी.

व्यवहार काचेसारखा असावा

तलावातील न पकडलेल्या माशाची विक्री फिकहच्या विद्वानांनी अवैध ठरविली आहे, कारण त्यात अनिश्चितता म्हणजे गरर आहे. काचेच्या टाकीतील मासा आपल्या मालकीचा असतो, ग्राहकाला दिसतो आणि लगेच हाती देता येतो. म्हणून ही विक्री योग्य आहे. परंतु पोटातल्या पिल्लांचा सौदा आधीच करू नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जनावराच्या गर्भातील पिल्लाची विक्री मना केली आहे. भरलेली मादी मात्र मादी म्हणून विकता येते.

आजारी मासा न सांगता विकणे ही फसवणूक आहे. अमुक मासा घरात ठेवला की दौलत येते, असे सांगून भाव वाढविणे तर आपल्या अकीद्यालाच धक्का देणारे आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण ऐकलेली आहे. टाकीतला जीवही आपल्याकडे अमानत आहे.

नको झालेले मासे सिद्धेश्वर तलावात किंवा विहिरीत सोडू नयेत. टाकीतला सकर मासा असाच बाहेर पडून देशातील अनेक जलाशयांत पसरला. तो जाळी फाडतो आणि मच्छीमारांच्या रोजीवर घाला घालतो.

तेव्हा बंधूंनो, एका टाकीने, दहा-वीस गप्पींनी सुरुवात करा. वहीत दोन रकाने ठेवा, किती जगले आणि किती मेले. सहा महिने मेलेल्यांचा आकडा उतरत गेला तरच दुसरी टाकी घ्या. अल्लाह हलाल कमाईत बरकत देवो.